गोदातीरीं एक रात्र

ऱ्हाईनकांठचें कोलोन शहर पाहून आलेले आमचे एक स्नेही तेथील उद्यानें, नाट्यगृहें व रात्रीची वर्दळ यांचें वर्णन करितांना थकत नाहींत. नांदेड मात्र त्यांनीं पाहिलेलें नाहीं! गेल्या वर्षीं तेथें सहकुटुंब जाण्याचा योग आम्हांस आला.

नरहर कुरुंदकर ज्या पीपल्स कॉलेजांत प्राचार्य होते, तें प्रथम पाहिलें. सायंकाळीं मुलें गोविंदबागेंत रमलीं. परंतु नांदेडची खरी रात्र सचखंड गुरुद्वारापाशींच अनुभवावी. गुरु गोविंदसिंग १७०८ सालीं येथेंच निवर्तले. हल्लींचें मंदिर महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ ह्या काळांत उभारविलें. लंगरांत जेवून आम्ही निजलों व दोनच्या सुमारास पुनः बाहेर आलों. ह्या प्रहरीं गगरिया सिंग गोदावरीवरून गागर भरून आणतो, व त्या पाण्यानें गाभारा धुतात. कुटुंब हात जोडून उभें होतें. धाकट्यानेंहि एकदांसुद्धां कुरकुर केली नाहीं.

सकाळीं घाटावर गेलों, तों जवळच शहराचा एक नाला काळें पाणी नदींत ओतीत होता. सौभाग्यवतींनीं ओंजळींतलें पाणी तसेंच खालीं सोडिलें.

ऱ्हाईनहि एके काळीं अशीच होती. १९८६ सालीं बासेलनजीकच्या रासायनिक कोठारास आग लागून तिच्यांतील असंख्य मासे मेले. पुढें तीरावरील राष्ट्रांनीं एकत्र येऊन ती सुधारली, आणि नाहींसा झालेला सामन मासा परत आला. आमच्या स्नेह्यांनीं नाट्यगृहांचें सारें सांगितलें; हें तेवढें राहून गेलें.