कामावर बोट गेलं, तर हिशेब कसा होतो?

(आपल्या सामुदायिक रेडिओवर ऑगस्ट २०२५ मध्ये झालेलं भाषण)

विंचूरच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या, वाईन पार्कात बाटल्या भरणाऱ्या, कांद्याच्या खळ्यावर निवडीला बसणाऱ्या आणि द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये उभं राहून पेट्या भरणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी आजचं बोलणं आहे. सकाळी तीनपाटीवर मुकादमाच्या पिकअपची वाट बघत उभ्या असता, त्यांच्यासाठी तर आहेच.

कामावर अपघात झाला की बाईला पहिला प्रश्न दवाखान्यात विचारतात. "कसं लागलं?" तुमच्या पुढच्या दोन वर्षांची निम्मी लढाई या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. सोबत आलेला सुपरवायझर कानात सांगतो, "मावशी, घरी पडले म्हणून सांगा, नाहीतर पोलिसांची भानगड होईल." बाई कळवळत असते, हातातून रक्त वाहत असतं, ती मान डोलावते. केसपेपरवर लिहिलं जातं, 'घरी पडून दुखापत'. सहा महिन्यांनी भरपाई मागायला गेल्यावर समोरचा वकील तोच कागद पुढे करतो. म्हणून डॉक्टरांना खरं तेच सांगायचं: अमुक ठिकाणी, अमुक वाजता, कामावर असताना, अमुक मशीनमध्ये हात गेला. तसं लिहिलं आहे का, ते सोबतच्या मुलीकडून वाचून घ्यायचं आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा.

आता कायदा बघू. तो आजचा नाही. १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तेव्हा नाव होतं कामगार नुकसानभरपाई कायदा, २०१० पासून त्याला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणू लागले. संसदेनं २०२० मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली आहे, तिच्यात हा कायदा सामावला गेला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली; इथे बोलायचं ते तोपर्यंतच्या जुन्या कायद्याबद्दल.

या कायद्याचं मर्म एका वाक्यात आहे. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, तर मालकानं भरपाई द्यायची. चूक कोणाची, हा इथे मुख्य प्रश्नच नाही. आपल्या बायकांची सवय अशी की, "माझंच लक्ष नव्हतं, मीच हात घातला" असं म्हणून स्वतःच दोष घेऊन मोकळ्या होतात. दिवसभर उभं राहून डोळ्यावर झापड आली आणि हात पट्ट्यात गेला, तरी तुमचा हक्क जात नाही. दारू पिऊन काम केलं, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला किंवा मशीनवरचं संरक्षक झाकण जाणूनबुजून काढलं, तरच मालक नाही म्हणू शकतो. तेही मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर म्हणता येत नाही.

"आम्ही तर रोजंदारीवर, आमचं कुठे नाव असतं?" हे मी नेहमी ऐकते. २००० सालच्या दुरुस्तीनंतर 'तात्पुरता कामगार' म्हणून कोणाला बाहेर ठेवता येत नाही. आणि मुकादमानं आणलं असेल तर? ज्याच्या धंद्याचं काम चाललंय त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. त्यानं मग मुकादमाकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला व्यवहार. शेतीचं म्हणाल, तर सगळी शेतमजुरी यात येत नाही. पण ट्रॅक्टरनं किंवा विजेच्या यंत्रानं होणारी शेतीची कामं, मळणीयंत्रावरचं काम आणि शेतात औषध फवारण्याचं काम कायद्याच्या यादीत आहे. आपल्या द्राक्षपट्ट्यात फवारणी किती चालते हे तुम्हाला सांगायला नको. स्वतःच्याच शेतात घरच्या माणसाला अपघात झाला तर हा कायदा नाही, तिथे राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लवकर जायचं.

आता पैशाकडे येऊ, कारण तिथेच फसवणूक होते.

समजा, एका बाईचं वय ३० आणि महिन्याची मजुरी १०,००० रुपये. ग्रेडिंगच्या मशीनमध्ये तिचं अंगठ्याजवळचं बोट मुळापासून गेलं. कायद्यात वयाप्रमाणे एक आकडा ठरलेला आहे, ३० वर्षांसाठी तो २०७.९८. मजुरीचे ६० टक्के म्हणजे ६,००० रुपये, गुणिले २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये. ही झाली पूर्ण अपंगत्वाची रक्कम. तर्जनी गेली तर कमाईची ताकद १४ टक्के गेली, असं कायद्याच्या तक्त्यात आहे. म्हणून १२,४७,८८० चे १४ टक्के, म्हणजे सुमारे १,७४,७०० रुपये. आता हातात वीस हजार ठेवून "झालं की भागलं" म्हणणाऱ्याचा चेहरा डोळ्यापुढे आणा.

त्याच तक्त्यात अंगठ्याला ३० टक्के, मधल्या बोटाला १२, करंगळीला किंवा तिच्या शेजारच्या बोटाला ७, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. एका डोळ्याची नजर गेली आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के. बोटाचं फक्त टोक गेलं, हाड शाबूत राहिलं, तरी तर्जनीला ५ टक्के आहेत. वय वाढतं तसा तो गुणायचा आकडा उतरतो: ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९. मजुरी कितीही असली तरी हिशेबाला महिना १५,००० पर्यंतच धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची.

तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, हे अर्धवट अपंगत्व आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९७० च्या दशकात सांगितलं, सुतारकाम एका हातानं होत नाही, म्हणजे या माणसाचं काम शंभर टक्के गेलं. द्राक्षाच्या विरळणीला कात्री चालवणाऱ्या बाईचा उजवा हात निकामी झाला, तर वकिलाला ही गोष्ट जरूर आठवून द्या.

हात बरा होईपर्यंत घरी बसावं लागलं, त्याचे वेगळे पैसे असतात. दर पंधरा दिवसांना महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा, म्हणजे १०,००० मजुरी असेल तर पंधरवड्याला २,५००. पहिले तीन दिवस धरत नाहीत, पण अंथरूण २८ दिवस किंवा जास्त चाललं तर अगदी पहिल्या दिवसापासून मिळतात. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्चही मालकाचाच. यात एक खोच आहे. मालक म्हणतो, "नाशिकच्या दवाखान्याचे ऐंशी हजार मीच भरले, आता भरपाई कसली?" उपचारावर दिलेला पैसा भरपाईतून वजा होत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. उपकाराच्या ओझ्याखाली हा मुद्दा सोडू नका. पण नाशिकला जाण्यायेण्याचं भाडं, सोबत थांबलेल्या जावेची बुडालेली मजुरी, पोरांना सांभाळायला आणलेली आई, हे कोणत्याच तक्त्यात नाही. माझ्या मते कायद्याची ही मोठीच उणीव आहे, कारण घर मोडतं ते या बारीक खर्चांनी.

मजुरी रोखीत मिळते आणि हजेरी मुकादमाच्या वहीत असते, तेव्हा १०,००० सिद्ध कसे करायचे? घरातल्या कॅलेंडरवर रोजची खूण करा, किती दिवस, कोणाकडे, किती रुपये. फोनवर पैसे आले असतील तर ते मेसेज पुसू नका. सोबत काम करणाऱ्या दोघी साक्ष देतील का, ते वेळेत विचारून ठेवा. हंगामी कामाचंही गणित आहे: सलग जितके दिवस काम केलं त्या दिवसांची कमाई, भागिले ते दिवस, गुणिले तीस. मध्ये चौदा दिवसांपेक्षा मोठा खंड नसेल तर ते काम सलगच धरतात.

मृत्यूच्या बाबतीत मजुरीच्या ५० टक्क्यांना त्या आकड्यानं गुणतात. ३५ वर्षांचा माणूस, मजुरी १२,०००, तर ६,००० गुणिले १९७.०६, म्हणजे ११,८२,३६० रुपये. ही रक्कम १,२०,००० च्या खाली जात नाही, अंत्यविधीचे किमान ५,००० निराळे. विधवा पत्नी, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई हे सगळे वारस. कोणाला किती, ते दीर किंवा सासरा ठरवत नाही, नुकसानभरपाई आयुक्त ठरवतात.

इथे बायकांसाठी फार मोलाची तरतूद आहे. मृत्यूची भरपाई मालकानं परस्पर कोणाच्या हातात द्यायचीच नाही, ती आयुक्तांकडे भरायची. आणि जखमी झालेली बाई असेल, तर तिची एकरकमी भरपाईसुद्धा आयुक्तांकडेच जमा व्हायला हवी. घरी येऊन नवऱ्याच्या हातात पाकीट दिलं आणि कोऱ्या कागदावर तुमचा अंगठा घेतला, तर त्यानं मालक सुटत नाही. 'माझी काही तक्रार नाही, मी हक्क सोडते' असं लिहून घेतलेला कागद कायद्यानं रद्दच आहे. आपसात तडजोड झाली तरी ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम तोकडी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात.

ज्यांच्या मजुरीतून ईएसआयचा पाऊण टक्का कापला जातो, त्यांनी वर सांगितलेला रस्ता धरायचा नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि २१,००० पर्यंत पगार असेल तर कर्मचारी राज्य विमा लागतो. तिथे मोफत उपचार आणि घरी बसावं लागलं तर मजुरीच्या ९० टक्के मिळतात. मला विचाराल तर कष्टकरी बाईला तोच रस्ता जास्त बरा, कोर्टाची पायरी लागत नाही. दोन्हीकडून मात्र घेता येत नाही. म्हणून आजच आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयचा नंबर आहे का, बघा. चिठ्ठीच मिळत नसेल, तर मागा.

कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर? यावर २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि तो आपल्या महाराष्ट्रातल्याच एका बाईचा आहे. तिचा नवरा तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साखर कारखान्यावर वॉचमन होता. पाळी पहाटे तीनची. एप्रिल २००३ मध्ये मोटारसायकलवरून कामाला निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये आणि वर व्याज मंजूर केलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये निकाल फिरला, अपघात कामावर झालाच नाही म्हणून. ती बाई थांबली नाही. बावीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं तिचे पैसे परत मंजूर केले. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल, तर घरून कामावर जाताना-येताना झालेला अपघातही कामावरचाच धरायचा, असं न्यायालयानं सांगितलं. पहाटे पिकअपमध्ये दाटीवाटीनं उभं राहून जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. घरची कामं उरकायला दुसरीकडे वळलात आणि तिथे अपघात झाला, तर मात्र हा संबंध दाखवणं अवघड.

मालकांची बाजूही सांगते. दहा-बारा माणसांवर खळं चालवणाऱ्याला एकदम बारा लाख भरणं म्हणजे धंदा बसणं. पण त्यासाठी विमा मिळतो, मजुरीच्या हिशेबानं त्याचा हप्ता ठरतो. हप्ता वाचवायचा आणि अपघात झाल्यावर बाईला घरी बसवायचं, हे बरं नाही. भरपाई महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होतो. आणि कामावर ठेवतानाच भरपाईच्या हक्काची माहिती कामगाराला त्याच्या भाषेत लेखी द्यायची, हेही २०१७ पासून मालकाचं कर्तव्य आहे. नाही दिली तर किमान ५०,००० दंड. तुमच्यापैकी किती जणींना असा कागद मिळालाय?

अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. आपल्या राज्यात आयुक्तांचं काम कामगार न्यायालयाचे किंवा दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, दोन्हीकडे अर्ज चालतो, त्यामुळे गाव सोडून माहेरी गेलेल्या बाईचं अडत नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी मोफत वकील मिळतो. निफाडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जायचं किंवा १५१०० या मोफत नंबरवर फोन करायचा. जाताना दवाखान्याचे केसपेपर, औषधांची बिलं, आधार कार्ड, मजुरीचा जो असेल तो पुरावा आणि अपघाताची तारीख-वेळ लिहिलेला कागद बरोबर न्या. मूळ कागद कोणाच्या हातात सोडू नका, झेरॉक्स द्या.