गच्चीवरची २० मीटर तार

मार्च २०२० ची टाळेबंदी लागली आणि देवपुरातल्या आमच्या गच्चीवर मी २० मीटर तांब्याची तार ताणली. मधोमध कापून दोन्ही तुकडे केबलला जोडले, की ७ मेगाहर्ट्‌झच्या हॅम (हौशी रेडिओ) बँडचा डायपोल अँटेना तयार! जुन्या शॉर्टवेव्ह रेडिओवर माणसांचे आवाज आले, पण घोगरे, शब्द न कळणारे. हॅम मंडळी बहुधा सिंगल साइडबँडवर बोलतात. त्यात वाहक लहर पाठवत नाहीत, सगळी शक्ती बोलण्यावर खर्च होते. ती लहर ऐकणाऱ्यानं पुरवायची. बंद पडलेल्या रेडिओतली आयएफ कॉइल, एक ट्रान्झिस्टर, दोन-चार कपॅसिटर यांतून ४५५ किलोहर्ट्‌झचा ऑसिलेटर जोडला, आणि शब्द लख्ख उमटले. पांझरा नदीपलीकडे जाणंही अवघड होतं त्या दिवसांत त्या अनोळखी आवाजांनी मला फार धीर दिला. अंधार पडला की आणखी दूरची स्टेशनं लागत, कारण आयनांबराचा खालचा थर या लहरी दिवसा शोषून घेतो.

संकटात असा आधार देणं या मंडळींना नवं नाही; १९९३ च्या किल्लारी भूकंपातही ती मदतीला धावली होती.

हॅम म्हणून बोलायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. बारा वर्षं पूर्ण झालेल्यांना त्याची परीक्षा देता येते. तुमच्या मुलांना जरूर बसवा.