उसनी कूस आणि घरातली भीड

चाकणच्या आमच्या गल्लीत दर गुरुवारी दुपारी बायकांचा दर्स असतो. गुरुवारी बऱ्याच कंपन्यांना सुट्टी असते. मुलांना बापाजवळ सोडून बायका तासभर मोकळ्या होतात. काही महिन्यांपूर्वी दर्स संपला, सगळ्या उठल्या, पण एक तरुण सून चटई गुंडाळत मागे रेंगाळली. शेवटी म्हणाली, "आपा, एक विचारू? पण कुणाला सांगू नका."

तिची हकीगत तिच्या परवानगीने, ओळख लागणार नाही एवढा फेरफार करून लिहिते आहे.

तिची नणंद पिंपरीत राहते. लग्नाला नऊ वर्षे झाली. आजारपणात गर्भपिशवी काढावी लागली, त्यामुळे मूल होण्याचा मार्गच बंद झाला. दवाखान्यात कुणीतरी सरोगसीचे नाव काढले. तेव्हापासून सासू या सुनेच्या मागे लागली होती. "तुला अल्लाहने दोन दिलीत. अंगापिंडाने चांगली आहेस. नऊ महिन्यांचा तर प्रश्न आहे. घरातले घरात राहील." नवरा काहीच बोलत नव्हता. गावाहून आला तेव्हा नंदोईनेच त्याला कंपनीत चिकटवले होते. ते उपकार कसे विसरायचे?

"आपा, नाही म्हटले तर मी वाईट ठरेन का?" एवढाच तिचा सवाल होता.

मी तिला लगेच उत्तर देऊ शकले नाही. घरी येऊन वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे समजले ते सर्वच घरांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

कायद्याने पैसा काढला, भीड राहिली

सरोगसी म्हणजे एका जोडप्याचे मूल दुसऱ्या स्त्रीने आपल्या पोटात वाढवून त्यांना देणे. आपल्या देशात याची मोठी चर्चा सुरू झाली ती गुजरातमधल्या आणंद शहरामुळे. तिथे २००४ साली एका आजीने परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलीची जुळी मुले स्वतःच्या पोटात वाढवली. पुढे त्याच शहरात गरीब घरच्या बाया पैशासाठी परक्यांची मुले वाढवू लागल्या आणि परदेशी जोडपी तिथे येऊ लागली. आपल्या मराठीतही याच विषयावर समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय' हा चित्रपट आला. विदर्भातल्या एका गरीब बाईची ती कथा आहे. 'मिमी' नावाने त्याची हिंदी आवृत्ती अनेकांनी पाहिली असेल.

हा बाजार थांबवण्यासाठी संसदेने २०२१ मध्ये सरोगसी नियमन कायदा केला. तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. आता पैसे घेऊन किंवा देऊन सरोगसी करणे हा गुन्हा आहे. सरोगेट होणारी बाई २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली आणि स्वतःचे मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच तिला हे करता येते. तिचे स्वतःचे बीज त्यात वापरता येत नाही. दवाखान्याचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा एवढेच तिला मिळते. मूल हवे असलेल्या जोडप्याला जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला आणि दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यावा लागतो. जन्मलेले मूल कायद्याने त्या जोडप्याचेच मानले जाते.

बाजार बंद झाला हे चांगलेच झाले. पण जरा विचार करा. पैसे न घेता नऊ महिने पोट देणारी बाई जोडपे कुठे शोधणार? घरातच. बहीण, भावजय, जाऊ, नाहीतर चुलत बहीण. म्हणजे पूर्वी जिथे पैशाची गरज बोलत होती, तिथे आता नात्याची भीड बोलते. दलालाला नाही म्हणता येते, सासूला कसे म्हणायचे?

कायदा करणाऱ्यांनाही याची कल्पना असावी. बेकायदा सरोगसीचे प्रकरण कोर्टात आले, तर नवऱ्याने, त्या जोडप्याने किंवा अन्य नातेवाइकाने बाईवर जबरदस्ती केली असे कोर्ट आधी गृहीत धरते. तसे नव्हते हे त्यांनी सिद्ध करायचे. शिवाय बाईची संमती तिला समजणाऱ्या भाषेत, लेखी घ्यावी लागते. गर्भ पोटात ठेवण्यापूर्वी कधीही ती माघार घेऊ शकते. हे किती सुनांना ठाऊक असते?

नवी मुंबईच्या दोन बहिणी

घरातले घरात राहिले की सगळे सुरळीत होते, असे ज्यांना वाटते त्यांनी मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण समजून घ्यावे.

नवी मुंबईतल्या एका जोडप्याला मूल होत नव्हते. पत्नीच्या धाकट्या बहिणीने आपले बीज दिले. दुसऱ्या एका स्त्रीने गर्भ वाढवला. ऑगस्ट २०१९ मध्ये जुळ्या मुली जन्मल्या. त्याच्या काही महिने आधी, एप्रिलमध्ये, रस्त्यावरच्या अपघातात त्या धाकट्या बहिणीचा नवरा आणि मुलगी दोघेही गेले होते. इकडे २०२१ मध्ये पती-पत्नीत बिनसले. पती मुलींना घेऊन दुसऱ्या घरात राहायला गेला आणि मुलींना सांभाळण्यासाठी ती बहीण त्याच्याकडे राहू लागली.

पत्नीने मुलींना भेटू द्या म्हणून कोर्टात धाव घेतली. खालच्या कोर्टाने २०२३ मध्ये भेट नाकारली. पतीचे म्हणणे होते की बीज मेहुणीचे आहे, तेव्हा आई तीच. ऑगस्ट २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला. बीज देणाऱ्या स्त्रीला त्यावरून आई म्हणून हक्क सांगता येत नाही असे सांगून न्यायालयाने पत्नीला मुलींच्या भेटीची परवानगी दिली.

निकाल कायद्याने स्पष्ट आहे. पण मनाचे काय? मोठीने दीड वर्षाहून अधिक काळ मुलींना छातीशी धरले, मग त्यांना बघण्यासाठी तिला वकील करावा लागला. धाकटीची स्वतःची लेक गेली आणि थोड्याच महिन्यांत तिच्या बीजाच्या दोन मुली जगात आल्या. तिचा जीव त्यांच्यात अडकला तर तिला एकटीला दोष द्यायचा का? नऊ महिने वाढवणारी तिसरी स्त्री तर या भांडणात कुठे दिसतही नाही. आणि त्या दोन मुली. मोठ्या झाल्यावर आई आणि खाला यातली कोण कोण, हे त्यांना कोण समजावून सांगणार?

यात कुणीही सुरुवातीला वाईट हेतूने वागले नव्हते. बहिणीने बहिणीला मदत केली होती. म्हणून हे प्रकरण मला फार बोलके वाटते.

प्रत्येकाच्या मनातले

आता चाकणच्या दोन खोल्यांच्या घरात हे घडले असते तर काय झाले असते, ते पाहू.

सुनेचे शरीर करार ओळखत नाही. पोटातले हालले की ती जागी होणारच. बाळंतपणानंतर बाळ नणंदेकडे गेले तरी तिच्या अंगाला दूध येणारच. डॉक्टर गोळी देऊन ते थांबवतील, पण रात्री बाळाच्या रडण्याचा भास झाला तर त्याला गोळी कोणती? परकी सरोगेट निदान बाळापासून दूर जाते. हिला मात्र दर ईदला ते मूल "मामी" म्हणून सलाम करणार.

तिची दोन मुले आईचे पोट वाढताना बघणार आणि बाळ घरी येणार नाही. "आमचे बाळ कुठे गेले? आम्हालाही देऊन टाकशील का?" असे लेकराने विचारले तर? शेजारपाजारचे बोलणे वेगळेच. भिंतीला भिंत लागलेल्या खोल्यांत काय लपते?

नणंदेचे दुःखही कमी नाही. तिचे मूल दुसरीच्या पोटात आहे. ती काय खाते, पाणी किती उचलते, यावर हिचे लक्ष. बोलले तर भाभीला टोचणार, न बोलले तर स्वतःला झोप नाही. मूल हाती आल्यावर आनंदाबरोबर आयुष्यभराचे ओझे येते. भावजयीशी कधी भांडण झाले तर एक वाक्य कायम टांगलेले राहणार: "माझ्यामुळे आई झालीस."

पुरुषांचे तर कुणी विचारतच नाही. बायकोच्या पोटात दुसऱ्याचे मूल आहे हे नवऱ्याने कसे पचवायचे? उपकाराच्या ओझ्याने गप्प बसलेला माणूस राजी असतोच असे नाही.

शरीअतचे म्हणणे

पती-पत्नीचे बीज घेऊन, निकाह कायम असताना, त्याच पत्नीच्या गर्भाशयात गर्भ ठेवणे बहुतेक उलमांनी गरजेपुरते जायज मानले आहे. म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी म्हटले की हराम, असे सरसकट नाही. पण तिसऱ्या व्यक्तीचे बीज किंवा गर्भाशय घेणे १९८६ साली अम्मान इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीत नाजायज ठरवले गेले.

त्याआधीची एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मक्केच्या फिकह परिषदेने १९८४ मध्ये एका सूरतीला परवानगी दिली होती: एकाच पतीच्या दोन पत्नी असतील तर एकीचा गर्भ दुसरीने वाढवावा. पुढच्याच वर्षी परिषदेने ती परवानगी मागे घेतली. वाढवणारी पत्नी स्वतःही गर्भवती राहू शकते, मग मूल कुणाचे हे कसे कळणार? इतके जवळचे नाते असूनही नसबचा घोळ सुटला नाही.

सूरह मुजादलाच्या दुसऱ्या आयतीत, जिहारच्या संदर्भात, जन्म देणारी तीच माता असा आशय आहे. त्यावरून अनेक उलमा वाढवणाऱ्या स्त्रीलाच आई मानतात. मग वारसा कुणाकडून, महरम कोण, असे प्रश्न उभे राहतात. इराणमधल्या अनेक शिया उलमांचे मत वेगळे आहे आणि तिथे सरोगसी चालते, हेही नमूद केले पाहिजे. आपापल्या मसलकच्या जाणत्या मुफ्तींना विचारूनच पाऊल टाकावे.

मग निपुत्रिक बाईने काय करावे?

पहिली गोष्ट, तपासणी दोघांची करावी. आजही आपल्याकडे सुनेच्या डझनभर तपासण्या होतात आणि मुलाची एकही नाही. मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते.

दुसरी गोष्ट, अनाथ मुलाला घर देणे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात स्पष्ट केले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते. पुण्यात ससून रुग्णालयाशी जोडलेली सोफोश संस्था 'श्रीवत्स' या केंद्रातून हे काम अनेक वर्षे करते आहे. इस्लाममध्ये यतीमचा सांभाळ ही मोठी नेकी आहे. सूरह अहजाबप्रमाणे मुलाची नसब मात्र बदलायची नाही आणि त्याची खरी ओळख लपवायची नाही. पडद्याचा प्रश्न दुधाच्या नात्याने सुटू शकतो. बाळ दोन वर्षांच्या आतले असताना भावजयीने त्याला आपले दूध पाजले, तर तिचा नवरा त्याचा रजाई बाप होतो आणि नणंद रजाई फुफी, म्हणजे महरम. हनफींकडे त्याला थोडे दूधही पुरते, कोकणातल्या शाफई घरांत पाच वेळा पाजणे धरतात. भावजयीला नणंदेसाठी काही करायचेच असेल, तर हा किती सोपा आणि पाक मार्ग आहे!

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड: सबर करणाऱ्या बाईला घरात इज्जत देणे. हजरत आयेशा (रजि.) यांना अपत्य नव्हते. भाचा अब्दुल्लाह याच्या नावावरून त्या 'उम्मे अब्दुल्लाह' म्हणवल्या गेल्या आणि साऱ्या उम्मतच्या त्या आई आहेत. तरीही आपल्या घरात बारशाला, अकीक्याला निपुत्रिक बाईला मागे बसवले जाते. ही टोचणी बंद झाली, तर उसन्या कुशीची गरजही निम्मी होईल.

मी हे सगळे त्या सुनेला सांगितले. शेवटी म्हटले, "नाही म्हणणे हा तुझा हक्क आहे, त्यात गुनाह नाही. पण निरोप सासूच्या तोंडून जाऊ देऊ नकोस. स्वतः नणंदेकडे जा."

दोन आठवड्यांनी ती पुन्हा मागे थांबली. पिंपरीला जाऊन आली होती. चहा ठेवता ठेवता तिने कसेबसे सांगितले, तर नणंद रडू लागली. म्हणाली, "भाभी, मी कुणाला म्हटलेच नव्हते. अम्मीने परस्पर ठरवले. तुझ्या पोटाकडे नऊ महिने बघत बसणे मला झेपले नसते. पण अम्मी माझ्यासाठी एवढे करतेय, तर नाही कसे म्हणू, म्हणून गप्प होते."

दोघींनाही नको होते आणि दोघीही भिडेपोटी तयार होत होत्या. घरात कुणीही त्यांना समोरासमोर बसवून विचारले नव्हते.