जठर छातीत आल्यावर

अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत बहुतेकदा तिचा बराचसा भाग काढतात आणि जठराचीच नळी करून ती छातीत वर ओढून जोडतात. साठवणीची जागा घटते, आम्ल अडवणारी झडपही जाते. म्हणून दिवसातून सहा-आठ वेळा थोडंथोडं, सावकाश चावून खायचं. पाणी जेवणासोबत नको. शिरा, बासुंदी असं गोडधोड झपाट्याने आतड्यात उतरलं की घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात. डॉक्टर याला ‘डम्पिंग’ म्हणतात. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नये, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवावी. सुरुवातीला वजन घटतंच. तरी घरच्यांनी ‘अजून एक पोळी घे’ हा प्रेमाचा आग्रह सोडावा, त्याने त्रासच वाढतो. घास अडकू लागला तर घरी बसून राहू नका. जठराची नळी जिथे जोडली तो सांधा आकसला असेल, तर दुर्बिणीतून रुंद करता येतो.