टॅब बोलतो, मूल सांगतं

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला पुढचा घास नको असतो, पण ओठ साथ देत नाहीत. ते मान फिरवतं आणि घरच्यांना वाटतं, हट्ट करतंय. अशा मुलांसाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात 'जेलो' हे मोफत अ‍ॅप तयार झालं. ते मराठीतही बोलतं. खाण्याचं चित्र निवडून बाजूचं नावडीचं बटण दाबलं, की टॅब अख्खं वाक्य उच्चारतो.

दृष्टिहीन मुलांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं 'एनव्हीडीए'ही मोफत आहे. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं.

म्हणजे अडतं ते नुसत्या पैशांवर नाही. एखाद्याची बोटं थरथरतात, त्याला मोठं बटण कोपराशी बसवून द्यावं लागतं. महिन्याभराने ते गालाजवळ सरकवावं लागतं. हे पाहायला वर्गात रोज जाणता शिक्षक हवा. विशेष शाळेने तंत्रज्ञानात प्रावीण्य मिळवण्याचा खरा फायदा हाच. पण अशी शाळा शहरात असली, तर गावातल्या मुलाला ती गाठणं सोपं नसतं. कळमेश्वर या तालुक्याच्या गावाहून नागपूर जेमतेम वीसेक किलोमीटर. तरी मुलाला उचलून एसटीत चढवणाऱ्या आईसाठी तेही लांबच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची दिव्यांगता मान्य केली. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कही दिला. तालुक्याच्या गावी तंत्रज्ञान जाणणारा असा एक शिक्षक नेमण्याची मागणी पालक याच कायद्याचा आधार घेऊन करू शकतात.