कुणी मनगट धरलं तर? ताई-चीचे ‘फॉर्म’ खरंच कामाला येतात का?

नाशिक : गोदापार्कवर पहाटे फिरताना कुणी मनगट धरलं, तर ताई-चीचे ते संथ हातवारे कामाला येतील का? येतील, पण नुसते हवेत करून नाही.

‘फॉर्म’ म्हणजे समोर कुणी नसताना ठरलेल्या क्रमाने केलेले डाव. चीनमध्ये त्याला ताओलू म्हणतात. ताई-चीचा आज सगळीकडे शिकवला जाणारा २४ हालचालींचा फॉर्म तिथल्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये बसवला, तोही सामान्य लोकांच्या व्यायामासाठी.

तरी त्यातलं कंबरेतून वळणं उपयोगाचं आहे. मनगटाच्या पकडीत चार बोटं एकीकडे आणि अंगठा एकटा. पकड तिथेच कच्ची. हात मागे ओढू नका, ओढाओढीत ताकदवानच जिंकतो. गुडघे किंचित वाकवा (मर्दानी खेळातला पवित्रा आठवा), कोपर समोरच्याच्या दिशेने न्या, मनगटाची अरुंद कड अंगठ्याच्या फटीकडे फिरवा आणि कंबरेसकट वळा. शाळेत शिकलेली तरफ ती हीच.

हे जोडीदारासोबत, त्याने खरोखर घट्ट धरल्यावर करून बघा. वुशूमध्येही ताओलूच्या स्पर्धा वेगळ्या, प्रत्यक्ष लढतीच्या सांदाच्या वेगळ्या. चाकू दिसला तर मात्र डाव विसरा, चेन जाऊ द्या.

हात सुटला की पळा आणि ११२ लावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावासाठी लागेल तेवढीच इजा करता येते. सुटल्यावर परत वळून मारलेला ठोसा स्वसंरक्षणात बसवणं अवघड जातं.