शिरेबाहेर झिरपणारे रक्त

नवजात अर्भकाच्या शरीरात रक्त किती असते? वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे 80 ते 85 मिलिलिटर. म्हणजे तीन किलो वजनाच्या बालकात जेमतेम 250 मिलिलिटर. अपुऱ्या दिवसांच्या, किलोभर वजनाच्या बालकात तर याहून पुष्कळच कमी. अशा बालकाला रक्तक्षय झाला, तर दर किलोमागे साधारणतः 10 ते 20 मिलिलिटर तांबड्या पेशी तीन-चार तासांत, शिरेवाटे सावकाश दिल्या जातात.

परंतु ही शीर अतिशय बारीक आणि तिची भित्ती नाजूक असते. बालकाने हात झटकला किंवा चिकटपट्टी सैल झाली, की नळीचे टोक शिरेबाहेर निसटते आणि रक्त भोवतालच्या ऊतकांत साचू लागते. पंपाला हे कळेलच असे नाही. तो रक्त ढकलीतच राहतो. बालकाला तर बोलता येत नाही, आणि फार अशक्त बालक रडतही नाही. म्हणून परिचारिकेची दृष्टी हाच येथे खरा पहारा होय. नळीची जागा झाकून न ठेवता ती वारंवार पाहावी आणि दुसऱ्या बाजूच्या अवयवाशी ताडून पाहावी. सूज, ताणलेली चकचकीत त्वचा, फिकटपणा किंवा काळसर-निळी छटा, थंड स्पर्श ही धोक्याची चिन्हे होत.

ती दिसताच रक्ताधान तत्काळ थांबवावे. नळी मोकळी करण्यासाठी तीत द्रव ढकलू नये. त्याने सूज वाढते. नळीत राहिलेले रक्त हलकेच ओढून घ्यावे, नळी काढावी, अवयव किंचित उंच ठेवावा, सुजेची कड शाईने आखावी आणि डॉक्टरांना बोलवावे. सूज चोळू वा दाबू नये. बोटे फिकी पडली, नाडी मंदावली किंवा अवयव कठीण झाला, तर आतील दाबाने रक्तपुरवठा खुंटत आहे असे समजावे; अशा वेळी शल्यचिकित्सकाचा सल्ला विनाविलंब घ्यावा लागतो.

बहुतेक वेळा सूज हळूहळू ओसरते. तथापि साचलेल्या पेशी विघटित होताना बिलिरुबिन निर्माण होते व कावीळ वाढू शकते. म्हणून पुढील काही दिवस तिकडे लक्ष असावे. बाहेर झिरपलेले रक्त बालकाला मिळाले असे नोंदवू नये. उरलेले रक्त दुसऱ्या अवयवाच्या शिरेतून देता येते. मात्र शीतपेटीतून काढल्यापासून चार तासांच्या आत ते संपले पाहिजे, आणि नवी शीर शोधण्यात गेलेला वेळही त्यातच मोजावयाचा असतो.

इतक्या लहान देहात काही थेंबांनाही मोल असते. ते योग्य जागी पोहोचत आहेत ना, हे पाहणारा डोळा यंत्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आवश्यक आहे.